अनुदान आणि अट : सार्वजनिक पैसा व नागरी हक्क यांच्या नात्याचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आणि मराठी मुलुखापासून दूर, भोपाळसारख्या नगरीत मराठी भाषेचा दिवा तेवत ठेवणाऱ्या या शाळेला प्रथम वंदन करतो. माझे सारे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही, कायद्याचाही नाही. तरीही आज मी जो विषय निवडला आहे तो वरकरणी हिशेबाच्या वहीतला वाटेल. नगरपालिका, लोकल बोर्डे, शाळा आणि वसतिगृहे यांना सरकार जो पैसा देते त्याला आपण अनुदान म्हणतो. या अनुदानाचा माणसांच्या नागरी हक्कांशी काय संबंध आला, तो कोणी जोडला, आणि जोडल्यावर पुढे काय घडले, हा आजचा विषय आहे.

भाषेच्या माणसाने आरंभ शब्दापासून करावा. आपल्याकडे देण्याघेण्याचे शब्द पुष्कळ आहेत. दान, दक्षिणा, वतन, इनाम, खिरापत. यांपैकी प्रत्येक शब्दात देणारा उंचावर आणि घेणारा खाली, असे चित्र आहे. ‘अनुदान’ या शब्दातले ‘अनु’ मात्र निराळे काही सुचवते. मागोमाग येणारे, साह्यभूत होणारे ते अनुदान. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणक्षेत्रात या पद्धतीचा पाया घातला. स्थानिक लोकांनी संस्था उभी करावी, सरकारने तिला नियमांनुसार साह्य करावे, असे तिचे स्वरूप होते. दानाला अट नसते आणि म्हणून हक्कही नसतो. अनुदानाला नियम असतात, आणि जेथे नियम आला तेथे त्या नियमाचा हवाला देऊन बोलण्याचा अधिकार तिसऱ्या माणसाला मिळतो. आजच्या माझ्या सर्व विवेचनाचे बीज एवढेच आहे.

दक्षिणेपासून शाळेपर्यंत

या स्थित्यंतराचे एक बोलके उदाहरण पुण्यात सापडते. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ही रक्कम बरीच कमी केली, पण एकदम बंद केली नाही. पुढे तिच्यातला काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वळवावा अशी मागणी १८४९ मध्ये सुधारकांनी केली. लोकहितवादी त्यांत अग्रेसर होते, आणि तरुण जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. याच दक्षिणा निधीतून पुढे जोतीराव व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या मुलींच्या शाळांना साह्य मिळाले. वेदपाठाबद्दल दिली जाणारी दक्षिणा, ज्यांच्या कानावर वेदाचा शब्द पडू नये अशी व्यवस्था होती त्यांच्या अक्षरओळखीसाठी खर्च झाली! पैसा तोच होता. बदलला तो त्याच्यामागचा विचार.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी दार उघडले तर बाकीच्या बहुसंख्यांना ती संस्था निरुपयोगी होईल, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. हा निर्णय वरिष्ठांना रुचला नाही. १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण जाहीर केले की, संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील. आणि ज्या शाळांना अंशतः सरकारी साह्य मिळते त्यांपैकी एखादीने जात किंवा वंश या कारणावरून कोणाला शिक्षण नाकारले, तर तिचे साह्य नाकारण्याचा पूर्ण अधिकार सरकार राखून ठेवीत आहे.

श्रोतेहो, अनुदानाला समतेची अट जोडण्याची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. पण अधिकार ‘राखून ठेवणे’ आणि तो ‘वापरणे’ यांत सात समुद्रांचे अंतर असते. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने हे तत्त्व पुन्हा मान्य केले, मात्र ते योग्य त्या सावधगिरीने लागू करावे अशी पुस्ती जोडली. त्याचबरोबर खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळ्या शाळांना उदार उत्तेजन द्यावे असेही सुचवले. तत्त्व एका पारड्यात आणि वेगळी शाळा दुसऱ्या पारड्यात, अशी ही तडजोड होती. पुढच्या शतकातील किती योजना याच तराजूत झुलत राहिल्या, ते आपण पाहणारच आहोत.

जोतीरावांची साक्ष

याच हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. ते त्या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून काम केलेले गृहस्थ होते, म्हणून त्यांच्या शब्दाला अनुभवाचे वजन होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाला मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप सुपरिचित आहे. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे ही मागणीही आपल्याला ठाऊक आहे. त्या निवेदनातील स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा भाग मात्र फारसा चर्चिला जात नाही.

जोतीराव म्हणतात ते थोडक्यात असे : मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, पण शाळांचे व्यवस्थापन पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षणखात्याचीच असावी. हे वाचून आजच्या वाचकाला प्रथम आश्चर्य वाटते. लोकांचा कैवारी लोकनियुक्त संस्थांवर विश्वास का ठेवीत नाही? याचे उत्तर त्या संस्थांच्या घडणीत आहे. तेथे बसणारे कोण होते? पाटील, इनामदार, सरदार, सावकार, वकील. ज्यांच्या मुलांना शाळा आधीच मिळाली होती, तेच इतरांच्या शाळेचा निर्णय करणार. स्थानिक याचा अर्थ आपोआप लोकांचे असा होत नाही, हे जोतीरावांनी ओळखले होते. लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या वेळी शहर सजवण्यासाठी नगरपालिकेने पैसे मंजूर करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे म्हणून एकट्याने विरोध नोंदवणारा सदस्यही तोच होता. सभागृहात एकट्याचे मत असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

याच सूत्राचा पुढचा अध्याय पुण्यातच १९२० च्या सुमारास लिहिला गेला. १९१८ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली होती. पुण्यात प्रश्न आला की सक्ती मुलांपुरती करावी की मुलींनाही लावावी. पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलगे, असा युक्तिवाद पुढे आला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्याला विरोध केला, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मिरवणूक काढली. तिजोरी रिकामी असते तेव्हा कोणाचा क्रम शेवटी लागतो, यावरून समाजाची खरी प्रतवारी कळते. योगायोगाने याच १९१८ साली आपल्या भोपाळ संस्थानात नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले. आणि त्याच्या अलीकडेपलीकडे कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत शिक्षण आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हंटर आयोगाच्या तराजूतील दुसरे पारडे महाराजांनी एका हुकुमाने खाली ठेवले, असे म्हणावे लागेल.

बोले यांचे दोन ठराव

आता मी या व्याख्यानाच्या मध्यवर्ती घटनेकडे येतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता.

या ठरावाची रचना नीट पाहावी. बोले यांनी धर्मग्रंथांचा वाद उकरला नाही. कोणी कोणाच्या घरी जेवावे हे सांगितले नाही. त्यांनी एकच कसोटी लावली : पैसा कोणाचा? करातून जमलेल्या पैशाने विहीर बांधली असेल, तर करदात्याला तिच्यावरून हाकलता येणार नाही. महार शेतसारा भरतो तेव्हा त्याचा रुपया बाटत नाही, मग त्याची घागर कशी बाटवते? ही साधी पण निरुत्तर करणारी मांडणी होती. ‘सार्वजनिक’ हा शब्द मराठीत तेव्हा चांगला रुळला होता. सभा सार्वजनिक होती, उत्सव सार्वजनिक होता. त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ घ्या, एवढेच बोले यांनी सांगितले.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले. परंतु नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना हा ठराव स्वीकारण्याचा विचार करण्यास सुचवावे, एवढ्यावरच भागवले. गावचे पाणवठे नेमके याच संस्थांच्या हाती! म्हणजे जेथे रोग होता तेथे औषधाऐवजी सल्ला पोहोचला. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारील, तिला सरकारने अनुदान देऊ नये, अशी शिफारस त्यात होती. १८५८ मध्ये शाळांपुरती ‘राखून ठेवलेली’ अट आता स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तिजोरीपर्यंत आणण्याचा हा प्रयत्न होता. अमेरिकेत संघराज्याचे अर्थसाह्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात वंशभेद करता येणार नाही, अशी तरतूद १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने झाली. आपल्या कायदेमंडळात एका भंडारी पुढाऱ्याने तिच्याच जातीचा विचार ३८ वर्षे आधी मांडला होता, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात यावयास हवी.

महाडचा धडा

या ठरावाची कसोटी कोठे लागली, ते सर्वश्रुत आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाऊ देणारे वातावरणच नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला लागणारे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. गावात कायद्याने खुले असलेले तळे, आणि तरीही पाणी विकत! सार्वजनिक मालकी व प्रत्यक्ष उपभोग यांतील दरी चाळीस रुपयांच्या पावतीइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

२० मार्चला बाबासाहेब व हजारो अनुयायी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर दंगल झाली, आणि पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे परिषदेच्या बाजूचे होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण संस्था एका माणसाची नसते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती.

पुढे खटला चालला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना वर्ज्य करण्याची परंपरा अनादि आहे, असा वादींचा दावा होता. खालच्या न्यायालयातून वर जात जात १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायालयाने ठरवले. ओंजळभर पाण्यापासून त्या निकालापर्यंत दहा वर्षे गेली. सत्याग्रहाचे माहात्म्य आपण गातो ते योग्यच आहे. पण मला त्यात एक प्रशासकीय धडाही दिसतो. कागदावरची अट तेव्हाच जिवंत होते, जेव्हा तिच्यावर बोट ठेवणारा माणूस गावात उभा राहतो आणि त्याच्यामागे वरची सत्ता उभी राहते. महाडमध्ये पहिला होता. दुसरी दहा वर्षे उशिरा आली.

विहीर वेगळी की विहीर एक

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. अस्पृश्यांना पाणी मिळत नाही, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र विहीर खोदावी, स्वतंत्र शाळा काढावी. यात वाईट काय? तहानलेल्याला तत्त्वज्ञान सांगू नये, हे मलाही मान्य आहे. ज्यांनी अशा विहिरी खोदल्या त्यांच्या हेतूबद्दल शंका घेणे अन्यायाचे होईल. पण वेगळ्या विहिरीच्या पैशाने दोन कामे होतात : तहान भागते, आणि एक विहीर बंद ठेवण्याची सोयही होते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ठक्कर बाप्पांना लिहिलेल्या पत्रात मांडला. अस्पृश्यतानिवारणासाठी नव्याने स्थापन झालेल्या संघाने, म्हणजेच पुढच्या हरिजन सेवक संघाने, आपला निधी कसा वापरावा याचा तो विचार होता. त्यांच्या मते दोन मार्ग होते. एक, व्यक्तीच्या सद्गुणांवर भर देणारा : व्यायामशाळा, वाचनालये, मद्यपाननिषेध इत्यादी. दुसरा, व्यक्तीभोवतीची परिस्थिती बदलणारा. संघाने आपली शक्ती दुसऱ्या मार्गावर एकवटावी, गावची विहीर, गावची शाळा आणि चावडी यांत प्रवेश मिळवून देणारी नागरी हक्कांची मोहीम खेडोपाडी चालवावी, असा त्यांचा आग्रह होता. सामाजिक कार्याला पैसा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती नगरपालिका असो वा विश्वस्त मंडळ, हे पत्र एकदा तरी वाचावे असे मला वाटते. सोय देणे सोपे असते, कारण तिने कोणी दुखावत नाही. हक्क मिळवून देताना गावातील कोणी ना कोणी रुसतोच. म्हणून अर्थसंकल्पाचा ओढा नेहमी सोयीकडे असतो.

राज्यघटना आणि त्यानंतर

बोले यांच्या ठरावाचा पुनर्जन्म आपल्या राज्यघटनेत झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अनुच्छेद १५ (२) वाचा. पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. अनुच्छेद २९ (२) शासनाचे साह्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांतील प्रवेशाबद्दल असेच सांगतो. पैशाच्या उगमाची कसोटी दोन्ही ठिकाणी आहे. १८५८ चे धोरण आणि १९२३ चा ठराव, दोहोंचे सूत्र येथे मूलभूत हक्कांत विणले गेले.

१९५५ च्या अस्पृश्यताविषयक अपराध कायद्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. त्यातील नववे कलम आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. शासनाकडून जमीन वा पैसा यांचे अनुदान मिळालेले पूजास्थान, शिक्षणसंस्था किंवा वसतिगृह यांचा व्यवस्थापक वा विश्वस्त या कायद्याखाली दोषी ठरला, तर शासनाला ते अनुदान पूर्णतः किंवा अंशतः स्थगित करता येते अथवा परत घेता येते. या कलमाचे स्वागत करतानाच दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, कारवाई दोषसिद्धीनंतरच होऊ शकते, म्हणजे आधी खटला, साक्षी, निकाल. दुसरी, बोले यांनी ज्यांच्यावर बोट ठेवले होते त्या नगरपालिका व बोर्डे या कलमात नाहीत. अट शाळेच्या दारापर्यंत आली. पालिकेच्या तिजोरीपर्यंत मात्र ती पोहोचली नाही.

आपल्या मध्यप्रदेशाचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांना राखीव जागा दिल्या, आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हा त्यांच्या कामाचा विषय म्हणून परिशिष्टांत नोंदवला. नव्या व्यवस्थेनुसार १९९४ मध्ये पंचायतींच्या निवडणुका घेणाऱ्यांत आपले राज्य अग्रभागी होते. जोतीरावांनी ज्या सभागृहावर अविश्वास दाखवला, त्याची घडणच बदलण्याचा हा प्रयत्न होता.

त्यानंतर १ जानेवारी १९९७ पासून राज्यात शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे शिकण्याजोगी चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस, तेथील पालकांनी मागणी केली की नव्वद दिवसांत शासनाने शाळेची सोय करावयाची, असे तिचे सूत्र होते. तेथे मागणी करणारा अर्जदार होता, आणि मुदत शासनाला घातलेली होती! अनुदानाच्या इतिहासात ही दिशा उलटी आहे. त्या शाळांतील ‘गुरुजी’ अल्प मानधनावर राबले, आणि गरिबाच्या मुलाला अपुरी शाळा का, हा टीकाकारांचा सवालही खोटा नव्हता. कालांतराने ती योजना मोठ्या शिक्षण अभियानांत विलीन झाली. तरीही मागणीला मुदतीचे बळ देण्याचा तो विचार मोलाचा होता.

समारोप

मित्रहो, या दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या प्रवासातून मला तीन कसोट्या हाती लागल्या आहेत. सार्वजनिक पैशाने चालणारी समतेची कोणतीही योजना समोर आली, तर त्या लावून पाहाव्यात. पहिली, ही योजना माणसांना एका विहिरीवर आणते की दुसरी विहीर खोदून पहिली बंद ठेवू देते? दुसरी, तिची अट मोडली गेली तर कोणाला कशाची झळ पोहोचते? कोणालाच नसेल, तर ती अट म्हणजे १९२३ चा तो जिल्हाधिकाऱ्यांचा सल्ला आहे. तिसरी, ज्याच्यासाठी योजना आहे तो तिच्या सभागृहात बसलेला आहे काय, आणि त्याला मुदत घालून मागता येते काय?

या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज निरनिराळ्या संस्थांचे विश्वस्त, प्रभागांचे प्रतिनिधी, शासकीय अधिकारी, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आहेत. आपल्यापुढे वर्षअखेरीस ताळेबंद येतो. त्यात जमा व खर्च हे दोन रकाने असतात. तिसरा, अटींचा रकाना कोठेच छापलेला नसतो. तो मनाने आखून घ्यावा, आणि मिळालेल्या प्रत्येक अनुदानासमोर लिहावे की हा पैसा कोणत्या अटीवर मिळाला, ती पाळली गेली की नाही, आणि नसेल तर आपण काय केले.

भोपाळची ओळखच तळ्याने होते. भोजराजाच्या नावाशी जोडलेल्या आपल्या बड्या तलावाचे पाणी आज शहराच्या नळांतून घरोघर जाते, आणि नळ उघडणाऱ्याला त्याची जात कोणी विचारीत नाही. हे आपल्याला सहज वाटते. ते सहज नव्हते, त्याच्यासाठी कायदेमंडळात ठराव आणि तळ्याच्या काठावर माणसे उभी राहावी लागली, याचे भान पुढच्या पिढीला देणे हे शाळेचे काम आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्या गुरुवर्यांनी आयुष्यभर तेच काम केले. त्यांच्या स्मृतीस पुन्हा अभिवादन करतो.